चौथ्या पायरीची वही: नवे सभासद नेमके इथेच का गळतात?

ओसरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना मदत करायची संघटना) मराठी गटाबद्दल विचारतोय. आठवड्यातून दोन मीटिंगा, बुधवार आणि रविवार. नेमाने येणारे नऊ-दहा जण, त्यात जुने दोघेच. नवा माणूस येतो, दोन-तीन महिने दारूशिवाय नीट काढतो, पहिल्या तीन पायऱ्यांवर मोकळेपणाने बोलतो. चौथ्या पायरीची वही हातात दिली की मीटिंगा चुकवायला लागतो, मग फोन उचलत नाही, आणि पुढची खबर देशीच्या दुकानावरूनच येते.

ज्यांनी पायऱ्या बघितलेल्या नाहीत त्यांच्यासाठी: एएच्या पायऱ्या बारा. पहिली म्हणजे दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करणं, दुसरी-तिसरी म्हणजे आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीवर विश्वास ठेवून तिच्या, म्हणजे आपल्याला उमगेल त्या देवाच्या, हवाली होणं. चौथी म्हणजे स्वतःचा न घाबरता घेतलेला लेखी आढावा, आणि पाचवी म्हणजे तो आढावा दुसऱ्या माणसापुढे जसाच्या तसा उघड करणं.

मला नेमकं हे हवंय. वही लिहायची कशी, किती दिवसांत? ज्याचा हात लिहिता नाही त्याने काय करायचं? पाचवी ऐकायला माणूस कुठून आणायचा? इथे जो तो कुणाचा तरी चुलतभाऊ, व्याही नाहीतर शेजारी. आणि दोन सभासद असे आहेत की एक देव मानत नाही आणि दुसरा माळकरी. पहिला म्हणतो, देवाची भाषा माझ्या तोंडून निघणार नाही. दुसरा म्हणतो, माझं सगळं पांडुरंगाला ठाऊक आहे, माणसाला कशाला सांगू? दोघंही अडलेत एकाच पायरीवर.


बाभळीची सावली

ओसरी दादा, माणूस चौथ्या पायरीवर गळत नाही, चौथी आणि पाचवीच्या मधल्या फटीत गळतो. पंधरा-वीस वर्षांचं दाबलेलं कागदावर काढायचं आणि ते घेऊन एकट्याने बसायचं. दारू नाही, झोप अजून धड लागत नाही, आणि उशाखाली ती वही. पळणारच तो. म्हणून पहिलं पान लिहायच्या आधी पाचवीची तारीख, जागा आणि ऐकणारा ठरवून टाका. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला ती तारीख त्याच्या हाताने, पेनाने लिहून घ्या. सुरुवात केल्यापासून तीन आठवडे, फार तर चार. त्यापुढे लांबलं की वही फक्त जखम खाजवायच्या कामाला येते.

वही साधी शंभर पानी. समोरासमोरची दोन पानं उघडायची आणि चार रकाने पाडायचे. बिग बुकच्या, म्हणजे एएच्या मूळ पुस्तकाच्या, पाचव्या प्रकरणात तक्ता आहे तो तीन रकान्यांचा: राग कुणावर, कशामुळे, आणि माझ्या कशाला धक्का लागला (पैसा, मान, सुरक्षितता, नातं). माझा वाटा काय, हे त्या प्रकरणात तक्त्याच्या पुढे येतं. वहीत त्याला चौथा रकाना द्यायचाच, कारण सगळं काम त्या रकान्यात आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लिहायचं उभं, आडवं नाही. पहिले तीन-चार दिवस फक्त नावं. माणसं, ऑफिसं, भावकी, गावकी, अगदी मेलेली माणसंसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात दुसरा रकाना, मग तिसरा. चौथ्याला शेवटच्या आठवड्यापर्यंत हात लावायचा नाही. आडवं लिहायला घेतलं की पहिल्याच नावावर माणूस बापाशी भांडायला बसतो आणि आठ दिवस तिथेच असतो. रोज वीस मिनिटं, घड्याळ लावून, सकाळच्या चहानंतर. रात्री झोपायच्या आधी वही उघडायची नाही. वीस मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी बंद, आणि स्पॉन्सरला (नव्याला पायऱ्या करून घेणारा जुना सभासद) फोन: आज लिहिलं. काय लिहिलं ते सांगायची गरज नाही.

एक ओळ नमुन्याला देतो. पहिला रकाना: चुलतभाऊ. दुसरा: बांध कोरला, दोन सऱ्या आत घेतल्या. तिसरा: जमीन, भावकीत मान, पोरांपुढे कमीपणा. चौथा: मोजणी आणायला घरून घेतलेले पैसे पिऊन संपवले, तीन वेळा त्याच्या दारात जाऊन त्याच्या आईला शिव्या दिल्या, त्याच्या पोराच्या लग्नात गोंधळ घातला, बांधाचं कारण पुढे करून दोन वर्षं प्यायलो. बांध त्याने कोरला हे खरंच आहे, ते कुणी नाकारत नाही. पण पहिल्या दोन रकान्यांचं काय करायचं ते तलाठ्याकडे आणि मोजणीखात्यात ठरेल. दारू सुटायची ती चौथ्या रकान्यातून.

रागाची यादी झाली की भीतीची. ही छोटी असते पण बोलकी: पगार हातात पडण्याची भीती, हळदीच्या कार्यक्रमात ग्लास नाकारण्याची भीती, पोरगी बोलायची बंद होईल ही भीती. तिसरी यादी नवरा-बायकोच्या आणि शरीरसंबंधाच्या वागणुकीची. ती सगळ्यात जास्त गाळली जाते. बायकोवरचा संशय, मारहाण, बाहेरचं नातं, सगळं तिथे यायला हवं.

वही बिघडते ती मुख्यतः तीन तऱ्हांनी. एक, आत्मचरित्र होतं. जन्मगाव, शाळा, आजोबांची बैलजोडी, आणि चाळीस पानांनंतरही माझा वाटा रिकामा. दोन, शिव्यांची यादी होते: मी नालायक, मी पापी. किराणा दुकानदार माल मोजतो तेव्हा किडलेली डाळ बाजूला काढतो आणि किती किलो ते लिहितो, पोत्यावर बसून रडत नाही. 'मी वाईट बाप' असं लिहिलं तर पुसायला लावा आणि 'सहामाहीच्या फीचे पैसे दोनदा प्यायलो' असं लिहायला लावा. चांगला मालही मोजायचा: कामावर चोरी केली नाही, म्हाताऱ्या आईचं दुखणं काढलं. तीन, स्पॉन्सर वही मध्येच वाचायला मागतो. मागू नका.

ज्याचा हात लिहिता नाही त्याच्यासमोर स्पॉन्सरने बसावं, रकान्याप्रमाणे विचारावं, आणि त्याच्या शब्दांतला फक्त एकेक खुणेचा शब्द लिहावा: 'बांध', 'फी', 'हळद'. पुढच्या वेळी तो शब्द वाचून दाखवला की त्याला पुढचं आठवतं. मोबाइलवर आवाज टेप करू देऊ नका. मोबाइल पोरांच्या हातात असतो, दुरुस्तीला जातो, आणि टेप केलेलं आपोआप कुठे कुठे साठत जातं.


रात्रपाळी

व्यसनमुक्ती वॉर्डाच्या बाजूने दोन गोष्टी. वहीच्या आधी शरीर बघा.

रोज पिणारा माणूस एकदम थांबला की सहा ते बारा तासांत हात कापणं, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या ४८ तासांत. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भिंतीवर किडे दिसणं, जागा आणि वार न कळणं, अंगात ताप, हे दिसलं तर तो डिलिरियम ट्रेमेन्स, आणि त्यात माणूस दगावू शकतो. ज्याला आधी कधी फिट आली आहे त्याला घरी कोरडं करायला बसवू नका, सरळ दवाखाना. गटात कुणाकडे दारू उतरवायच्या उरलेल्या क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या असतील तर त्या वाटायच्या नाहीत. लिव्हर खराब असेल तर औषधही बदलतं आणि डोसही, ते डॉक्टरच ठरवतील.

सलाईनबद्दल कळकळीने सांगते. खेडोपाडी 'एक बाटली लावा, उतरेल' म्हणून ग्लुकोज चढवतात. सततच्या दारूने आणि न जेवल्याने थायमिन, म्हणजे बी-१, संपलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते: तोल जातो, डोळे हलतात, नवीन काही लक्षात राहत नाही. सोबत जाणाऱ्याने डॉक्टरांना एवढंच विचारावं, 'बी-१ आधी दिलंय का?'

याचा वहीशी थेट संबंध आहे. ज्याची स्मृती अशी गेली आहे तो रिकाम्या जागा कल्पनेने भरतो आणि ते खरंच घडलं असं त्याला वाटतं. असा संशय आला तर लेखी आढावा थांबवा आणि मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. ब्लॅकआउट ही वेगळी गोष्ट. प्यायलेल्या रात्रीचं काहीच आठवत नसेल तर वहीत 'आठवत नाही' हेच प्रामाणिक उत्तर आहे. बायकोने सांगितलेलं स्वतःची आठवण म्हणून लिहायचं नाही.

वही कधी सुरू करावी? माझं मत: दारू उतरवायची औषधं संपलेली, रात्री सलग चार-पाच तास झोप, आणि जेवण नीट. काहींना महिन्यात, काहींना तीन महिन्यांत. झोप आणि चिडचिड काही आठवडे, कधी महिनेही, मागेपुढे होत राहते. त्याला 'याची श्रद्धा कमी पडते' असं कुणी म्हणू नये.

लिहिताना पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, 'मी नसलो तरच घर सुखी' असं बोलणं, अंगठी किंवा गाडीची चावी कुणाला देऊन टाकणं, अशी चिन्हं दिसली तर वही त्याच क्षणी बाजूला. त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर १४४१६, व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय नंबर १४४४६. दोन्ही फुकट. मीटिंगच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

'गोळ्या घेतोस म्हणजे सोबर नाहीस' असं म्हणणारा एखादा प्रत्येक गटात असतो. त्याला थांबवा. सभासद डॉक्टर नाहीत, हे एएचं स्वतःचं साहित्यच सांगतं. आणि उलट बाजूने, डॉक्टरांनीही पेशंटला गटात पाठवायला हवं. २०२० मध्ये आलेल्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत एए, आणि एएकडे नीट जोडून देणारे उपचार, इतर उपचारांच्या बरोबरीचे किंवा सरस ठरले.

डायसल्फिराम, म्हणजे वर दारू प्यायली तर त्रास होतो ती गोळी, तिच्याबद्दल एकच. चहात किंवा भाजीत चोरून घालू नका, कुणालाही घालू देऊ नका. शेवटच्या प्याल्यानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ती गोळी सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी तिची रिअॅक्शन होऊ शकते. माहीत नसताना वर क्वार्टर घेतली तर रक्तदाब कोसळतो.


तिसरी खुर्ची

पाचवी ऐकणारा कसा हवा, यावर लिहितो.

पहिली अट, ज्याच्याबद्दल वहीत लिहिलंय तो नको, त्याच्या घरचाही नको. लहान गावात याचा अर्थ बहुतेक वेळा गावाबाहेरचा असाच होतो. आपापसात अदलाबदल करा: शेजारच्या तालुक्याच्या गटातला जुना सभासद तुमच्याकडच्याचं ऐकेल, तुमचा जुना त्यांच्याकडच्याचं. एसटीने दीड तास लागला तर चालतो, तो प्रवासही कामाला येतो. स्पॉन्सरच असला पाहिजे असा नियम नाही. बिग बुकमध्ये डॉक्टर, धर्मगुरू, समजूतदार मित्र असे पर्याय दिलेत. आपल्याकडे व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक उत्तम पर्याय आहेत. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणपासून या कामात दोन पिढ्या तयार झाल्यात, त्यांना चौथी-पाचवी काय ते समजावून सांगावं लागत नाही. बाईचं बाईनेच ऐकावं. तालुक्यात सोबर बाई नसेल तर ऑनलाइन महिला मीटिंगमधून स्पॉन्सर मिळवा, पण 'वडिलांसारखे आहेत' म्हणून पुरुषापुढे बसवू नका.

वेळ तीन ते चार तास धरा. घर नको, हॉटेल नको. दुपारची रिकामी शाळा, मळ्यातली वस्ती, नदीकाठच्या देवळाची ओवरी, कुठेही जिथे मध्येच 'काय पाहुणे' म्हणत कुणी येणार नाही. थर्मासभर चहा, पाण्याची बाटली, दोघांचे फोन बंद. तो वाचतो, तुम्ही ऐकता. उपदेश नाही, 'अरे बापरे' नाही, आणि 'एवढंच ना' तर अजिबात नाही. तिसऱ्या रकान्यानंतर थांबला तर एकच प्रश्न: 'यात तुझा वाटा?' पुन्हा पुन्हा तेच शब्द येतील, मत्सर, मानपान, उसना पैसा, खोटं बोलणं. ते वेगळ्या कागदावर टिपून घ्या. सहाव्या आणि सातव्या पायरीचं (आपले दोष सोडायची तयारी) सामान ते तेवढंच, सात-आठ शब्द.

बहुतेक माणूस एक गोष्ट गिळतो. शेवटचं पान झालं की लगेच उठू नका. दहा मिनिटं गप्प बसा, मग विचारा: 'लिहिलंच नाहीस असं काही आहे?' पुष्कळदा खरी पाचवी तिथे सुरू होते.

त्यानंतर एक तास त्याने एकट्याने शांत बसावं, असं पुस्तकात सांगितलंय. ते टाळू नका. आणि त्या संध्याकाळी तो एकटा घरी जाणार नाही याची सोय करा: मीटिंग ठेवा, नाहीतर कुणीतरी सोबत जेवायला बसा. वही त्याची. आठवी पायरी, म्हणजे ज्यांना इजा केली त्यांची यादी, होईपर्यंत नावं लागतात, तेवढं पान काढून ठेवायचं, बाकीचं त्याच्या हातानेच जाळायचं.

कायद्याचंही स्पष्ट बोला, आधीच. वकिलाला मिळतं तसं गोपनीयतेचं कायदेशीर संरक्षण एएच्या सभासदाला नाही. गंभीर गुन्हा असेल तर तपशील सांगण्याआधी त्याने वकिलाशी बोलावं. आणि अल्पवयीन मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. हे बसायच्या आधी सांगायचं, ऐकून झाल्यावर नाही. मूल आज धोक्यात असेल तर एएच्या बाराव्या परंपरेतल्या (परंपरा म्हणजे गटांनी पाळायची तत्त्वं) नावाच्या गुप्ततेचा आधार घेऊन गप्प बसता येत नाही.


ओसरी

तिघांचेही मनापासून आभार. आधी तारीख ठरवायची हे आम्ही कधीच केलं नाही, चूक तिथेच आहे. दोन गोष्टी राहिल्या. आमच्याकडे एकाने चौथी लिहून झाल्या झाल्या थेट बायकोपुढे वाचून काढली, 'मन मोकळं केलं' म्हणून. ती माहेरी गेली. आणि देवाचा प्रश्न आहेच.


उंबरठा

ओसरी दादा, अल-अनॉनच्या, म्हणजे दारुड्यांच्या घरच्यांच्या गटाच्या, बाजूने लिहिते. तिने माहेरी जावं यात नवल नाही. त्याचं ओझं हलकं झालं आणि तिच्या डोक्यावर आलं. बायको म्हणजे पाचव्या पायरीची जागा नव्हे. तिच्याकडे जायचं ते नवव्या, म्हणजे भरपाईच्या, पायरीत, आणि नवव्या पायरीतच अट आहे की भरपाई करताना त्या माणसाला किंवा आणखी कुणाला इजा होणार असेल तर करायची नाही. बाहेरच्या नात्याची नावं-गावं तिला ऐकवणं ही भरपाई नाही. तिच्या आरोग्याला धोका असेल, म्हणजे संसर्ग वगैरे, तर तेवढं सांगणं आणि तपासणी करवणं आवश्यक आहे. ते डॉक्टरांच्या मदतीने करा.

भरपाई पैशाने सुरू होते, कारण पैसा मोजता येतो. घरी बसून देण्याची यादी: किराणा, चहाची टपरी, भिशी, सोसायटी, सावकार, मुकादमाची उचल, आणि सोनाराकडे किंवा बँकेत गहाण पडलेले तिचे दागिने. मंगळसूत्र आणि तिचं स्त्रीधन यादीत सगळ्यात वर, व्याज थांबलंच पाहिजे. मग पेलवेल एवढीच रक्कम. महिन्याला पाचशे ठरवले तर पाचशे, पण ठरल्या तारखेला आणि लेखी. सोबर झाल्याच्या भरात जमीन विकून सगळ्यांचं एकदम फेडायला निघतात, ते थांबवा. कर्ज काढून कर्ज फेडायचं नाही. बाहेरच्या उधारीत टपरीवाल्याचे तीनशे आधी द्या. रोजचा रस्ता बदलून जायची गरज संपते, आणि हा फरक माणसाला त्याच दिवशी जाणवतो.

पगार कुणाच्या हातात द्यायचा, हे तिला विचारून ठरवा. काही बायकांना तो घ्यायचा असतो. काहींना आता त्याचा हिशेब ठेवायची ताकद उरलेली नसते, आणि तेही रास्त आहे.

तिच्यासाठी वेगळा गट हवा. अल-अनॉन १९५१ साली अमेरिकेत सुरू झालं ते एएच्या सभासदांच्या घरच्यांनीच. लोइस, म्हणजे एएचे एक संस्थापक बिल डब्ल्यू यांच्या पत्नी, त्यात होत्या. तुमच्या गावात गट नसेल तर रविवारच्या मीटिंगच्या वेळी शेजारच्या खोलीत तिघी-चौघींनी बसायला सुरुवात करावी. तिथे 'त्याला कसं सुधारायचं' हा विषयच नको. साहेबांना 'ताप आलाय' म्हणून फोन करणं, बाटल्या शोधून मोरीत ओतणं, त्याची उधारी फेडणं, हे थांबवायचं कसं, यावर बोलायचं. आणि मारहाण असेल तर आधी तिची आणि मुलांची सुरक्षितता, त्याची पायरी कितवी चाललीय हा प्रश्न नंतर.


दिंडीच्या मागे

देव न मानणाऱ्या सभासदापासून. त्याला सांगा, त्याच्यासारख्यांसाठी जागा पहिल्यापासून आहे, ती नंतर मेहरबानी म्हणून दिलेली नाही. १९३९च्या पुस्तकात 'देव' या शब्दापुढे 'आम्हांला उमगला तसा' हे शब्द आले ते न्यूयॉर्कच्या सुरुवातीच्या गटातल्या देव न मानणाऱ्यांच्या आग्रहाने. १९४१च्या छपाईत परिशिष्ट जोडलं गेलं, कारण वाचणाऱ्यांना वाटायला लागलं की आकाशातून प्रकाश पडल्याशिवाय काही होत नाही. त्यात स्पष्ट म्हटलंय की बहुतेकांचा बदल हळूहळू, शिकत शिकत होतो. तिसऱ्या परंपरेत सभासदत्वाला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. देवाचं नाव त्यात नाही.

मग त्याने दुसरी-तिसरी पायरी कशी करायची? 'माझ्यापेक्षा मोठी शक्ती' या जागी त्याने गट ठेवावा, आणि अगदी शब्दशः ठेवावा. एकट्याने रात्री साडेआठला बारपुढून जाताना पाय वळतात. बुधवारी त्याच वेळी नऊ माणसांत बसलं की वळत नाहीत. ही शक्ती त्याने स्वतः तपासलेली आहे. तिच्या हवाली होणं म्हणजे काय? पिण्याची इच्छा झाल्यावर आधी फोन, मग विचार. पैशाचा, भांडणाचा, नोकरी सोडण्याचा निर्णय एकट्याने न घेणं. खुर्च्या लावणं, चहा करणं, कपबश्या विसळणं. ही कामं नव्याला पहिल्या आठवड्यापासून द्या. ज्याच्या हातात खोलीची किल्ली आहे तो मीटिंग सहसा चुकवत नाही.

अकराव्या पायरीला प्रार्थना जमत नसेल तर सकाळी दहा मिनिटं गप्प बसून दिवसाचा आढावा: आज कोण भेटणार, कुठे चिडणार, कुणाला फोन करणार. रात्री दहाव्या पायरीची तीन वाक्यं: आज कुणावर रागावलो, कुणाशी खोटं बोललो, उद्या कुणाची माफी मागायची. मीटिंगच्या शेवटी सगळे शांतीची प्रार्थना म्हणतात तेव्हा त्याने हात धरून नुसतं उभं राहावं. त्याला म्हणायला लावणारा सभासद चुकतोय.

आता माळकरी. माळेला कमी लेखू नका. महाराष्ट्रात एए यायच्या आधीपासून माळेने माणसांची दारू सोडवली आहे, आणि ती नुसत्या मण्यांनी नाही. माळ घातली की दिंडी येते, फड येतो, एकादशी येते, 'माउली' म्हणून पाया पडणारी माणसं येतात. उठण्या-बसण्यातली माणसंच बदलतात. हे आपल्या गटासारखंच आहे. फरक घसरल्यावर दिसतो. माळकरी प्यायला की माळ उतरवून ठेवतो आणि शरमेने फडाकडे फिरकत नाही. जिथून मदत मिळायची तीच वाट त्याला बंद वाटते, म्हणून एका क्वार्टरचे सहा महिने होतात. गटात मात्र तो दुसऱ्या दिवशी येऊन 'काल प्यायलो' म्हणू शकतो, आणि त्याला खुर्ची दिली जाते.

'पांडुरंगाला सगळं माहीत आहे' हे त्याचं म्हणणं खरं धरूनच चला, वाद घालू नका. पाचव्या पायरीत तीन ठिकाणी कबुली आहे: देवापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या माणसापुढे. पहिली त्याची झालीये. दारूचा आजार तिसरीपाशी लपतो, कारण देवाला आपण सोयीचं तेवढंच सांगून उठू शकतो, समोरचा माणूस 'यात तुझा वाटा?' असं विचारतो. त्याला हवा असेल तर ऐकणारा एखादा माळकरीच शोधा, जो स्वतः सोबर आहे. संताला संतापुढे मन उघडं करताना लाज वाटली नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

श्रावणाचा मुद्दाही इथेच घ्या, कारण तो दोघांनाही लागू आहे. 'मी श्रावण पाळतो, गणपती जाईपर्यंत थेंब घेत नाही, म्हणजे मी दारुडा नाही' हे पहिल्याच पायरीतलं सगळ्यात घट्ट खोटं. त्याला विचारा, गटारीला किती प्यायला आणि विसर्जनाच्या रात्री किती? मधल्या दिवसांत तो मोजत होता की जगत होता? वहीच्या पहिल्या पानावर हेच लिहून घ्या. पहिली पायरी कच्ची राहिली असेल तर चौथी टिकत नाही.

बाराव्या पायरीसाठी, म्हणजे दुसऱ्या दारुड्याला मदत करण्यासाठी, चौथी संपायची वाट बघू नका. १९३५च्या मे महिन्यात अॅक्रनमध्ये बिल डब्ल्यूंना पिण्याची ओढ लागली तेव्हा ते दुसरा दारुडा शोधत सुटले, आणि त्यातून एएचे दुसरे संस्थापक डॉ. बॉब भेटले. स्वतः न पिण्यासाठी त्यांना दुसऱ्याशी बोलणं भाग होतं. साठ दिवसांच्या माणसाने दोन दिवसांच्या माणसाला पाण्याचा ग्लास द्यावा आणि शेजारी बसावं, एवढं पुरतं. बाराव्या पायरीच्या भेटीला घरी जायचं असेल तर मात्र दोघांनी जावं, नव्याने एकट्याने कधीच नाही. समोरचा बाटली घेऊनच बसलेला असतो.


ओसरी

पुढच्या रविवारी दोघांशीही बोलतो. शेजारच्या तालुक्यातल्या गटाशी अदलाबदलीचं आजच फोनवर ठरलं. शेवटचा प्रश्न: वही अर्धी असताना तो प्यायला, तर? पहिल्या पायरीपासून सगळं पुन्हा?


बाभळीची सावली

दिवस पुन्हा एकपासून मोजायचे, वही नाही. लिहिलेली पानं खोटी होत नाहीत. त्याच दिवशी मीटिंग, आणि किती दिवस प्यायला ते विचारा. एक-दोन दिवस असेल आणि हात कापत नसतील तरी डॉक्टरांना दाखवा. आठवडाभर असेल तर रात्रपाळी ताईंनी लिहिलंय तसं दवाखाना आधी.

शुद्धीवर आल्यावर आठवडाभराने वहीत एक पान वाढवायचं: पहिल्या घोटाच्या आधीचे चोवीस तास. जेवला होता का? कुणाशी भांडण? एकटा होता? किती झोपला होता? फोन कुणाला करायचा होता आणि का नाही केला? खिशात किती पैसे होते? भूक, राग, एकटेपणा, थकवा, यातलं एखादं तरी त्या पानावर सापडेल. बरेचदा त्याच्या आदल्या दिवशी तो नेमक्या कोणत्या नावावर येऊन थांबला होता तेही सापडतं. मग राहिलेली वही त्या नावापासून सुरू करायची, आणि पाचवीची नवी तारीख पहिली खोडून तिच्या खाली लिहायची.